नथीच्या डोहाची पट्टी

सर्व स्तुती त्या पालनकर्त्याला, ज्याने पाणी आधी केले आणि तहान मागून.

मी, बद्रुद्दीन वल्द इनायत मुलाणी, वय अजमासे त्रेसष्ट, धंदा मुलाणकी व थोडी शेती, राहणार मौजे आंबेडोह, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हा कागद माझ्या हाताने आणि माझ्या राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. मला कुणी दटावलेले नाही, कुणी भरीस घातलेले नाही. चढ चढताना दम लागतो, आणि डाव्या कानाने सुरुंगाच्या कामापासून ऐकू येत नाही. पण डोळे शाबूत आहेत. या कागदात जे पाहिले म्हणून लिहिले आहे ते मी पाहिलेच आहे.

माझा मुलगा इकबाल म्हणतो की मला भ्रम झाला आहे. वडगावच्या वकिलांसमोरही त्याने तसे सांगितले. वकिलांनी मला वार विचारला, बादशहाचे नाव विचारले आणि माझ्या शेळ्या किती ते विचारले. तिन्ही बरोबर सांगितले. शेळ्या तर नावानिशी आणि त्यांच्या खोडींनिशी सांगितल्या. वकील हसले आणि इकबालला म्हणाले, "तुझ्या बापाला भ्रम नाही, हट्ट आहे. हट्टी माणसाला मृत्युपत्र करता येते."

हे मृत्युपत्र मुख्यतः एका जमिनीपायी आहे. इंद्रायणीच्या काठाला आमची पाऊण एकराची लांबट पट्टी आहे. तिला डोहाची पट्टी म्हणतात. तिच्यात गवत आणि करंजाखेरीज काही येत नाही. पण डोहाकडे बैलगाडी उतरते ती तिच्यावरूनच, कारण पलीकडे उभा कडा आहे. ज्याच्या हातात पट्टी, त्याच्या हातात डोह. देहूरोडकडे मासळी पुरवण्याचा मक्ता घेतलेला एक ठेकेदार दोन वर्षे या पट्टीच्या मागे लागला आहे. त्याला डोहातले सारे मासे एका दमात हवे आहेत. त्यासाठी डोहाच्या तोंडाशी असलेला कातळ सुरुंगाने उडवायचा आणि पाणी वाहून जाऊ द्यायचे, असा त्याचा बेत आहे. मी डोळे मिटले की इकबाल त्याला पट्टी विकणार आहे. तो हे लपवत नाही, एवढे त्याच्या बाजूने लिहितो. ते घडू नये म्हणून मी पुढील व्यवस्था करतो.

कलम पहिले. माझे दफन गावच्या कब्रस्तानात माझ्या बापाच्या पायथ्याशी करावे. मय्यतीला विहिरीच्या पाण्याने अंघोळ घालावी. नदीवरून पाणी आणू नये. त्या नदीला मी जिवंतपणी पुरेसा त्रास दिला आहे.

कलम दुसरे. राहते घर, मागचा गोठा आणि विहिरीतला आमचा हिस्सा शरियतप्रमाणे इकबालला दोन वाटे आणि माझी मुलगी बिस्मिल्ला, जी लोणावळ्यात दिली आहे, तिला एक वाटा असा जावा. मागची पडवी माझी सून उम्मेहानी हिने हयातभर वापरावी, तिथे तिच्या कोंबड्या असतात. ती मला कधी उलट बोलली नाही असे नाही. रोज बोलली, आणि बहुतेक वेळा तिचेच बरोबर होते. शेळ्या बिस्मिल्लाला. काळ्या शेळीला बांधू नये, ती दावे खाते.

कलम तिसरे, हत्यारांविषयी. सुरा, सत्तूर आणि खाटकाचा ओंडा इकबालला जावा. तो मुलाणकी करणार नाही हे मला ठाऊक आहे, देहूरोडच्या गोदामात त्याला नोकरी आहे. पण बकऱ्याच्या मानेवर नाव घेऊन सुरी फिरवणारा माणूस गावाला लागतो, आणि आम्ही सात पिढ्या तो दिलेला आहे. इकबालला जमणार नसेल तर त्याने दुसरा मुलाणी शोधून हत्यारे त्याच्या हवाली करावीत. सुरुंगाची पहार आणि भोकात दारू ठासायची ठासणी कुणालाही देऊ नये. पहार विहिरीच्या काठच्या बांधकामात चुन्यात गाडून टाकावी. ठासणी लाकडाची आहे, ती चुलीत घालावी.

राहिले हत्यार दाभण. ते कुणालाच नाही. का नाही ते समजायला आमच्या डोहाची रीत सांगावी लागेल. गावाला ती ठाऊक आहे, पण हा कागद कचेरीत जाणार आहे आणि तिथल्या लोकांना ठाऊक नसेल.

आमच्या गावची बाई नदीत बुडाली आणि तिचे प्रेत सापडले नाही, तर तिची नथ डोहातल्या माशाला घालतात. नथ बाई रोज घालत नाही, ती सणावारी घालायची, म्हणून पेटीत मागे राहते. दहाव्या दिवशी तिची आई किंवा सासू ती नथ घेऊन डोहावर येते. बाया पाण्यावर लाह्या सोडतात. आमच्या डोहातले खडस मासे हाताशी येतात, कारण तिथे कुणी जाळे टाकत नाही. मग मुलाण्याने एक मासा दोन्ही हातांनी धरायचा, वरच्या ओठाला दाभणाने भोक पाडायचे, नथ अडकवायची, बाईचे नाव घ्यायचे आणि सोडून द्यायचे. मुलाण्यानेच का, तर त्याच्या हाताला रक्ताची भीती नसते आणि नाव घेतल्याशिवाय तो हत्यार चालवत नाही. ही पट्टी त्याच चाकरीबद्दल आमच्या पूर्वजाला मिळालेली आहे. नथ घातलेल्या माशाला गाव माहेरवाशीण म्हणते.

सन १९१८ पर्यंत माझ्या बापाने आणि मी मिळून चौदा मासे टोचले. त्यातला एक माझ्या बहिणीचा. मेहमुदा. ती एकोणीस वर्षांची होती, धुणे धुताना गेली. तिच्या नथीत एक लाल खडा होता. टोचताना मी रडत होतो आणि मासा मात्र हातात अगदी शांत होता. एवढा शांत मासा मी त्याआधी पाहिला नव्हता.

कलम चौथे. रखमाजी पाटलांना माझी शिसवी पलंगाची जोडी द्यावी. त्यांच्याशी माझे चोवीस वर्षे बोलणे नाही. ज्यांच्याशी भांडण त्यांना पलंग का, असे वाचणाऱ्याला वाटेल. पलंग यासाठी, की त्यांना त्यावर झोप लागू नये. हे मी पूर्वी लिहिले होते. आता खोडत नाही, पण पुढचे वाचून मग त्यांनी पलंग घ्यावा.

सन १९१८ साली पाऊस गेला आणि मागोमाग मानमोडीचा ताप आला. मी तेव्हा लोणावळ्याला धरणाच्या कामावर सुरुंग लावणारा होतो. घरी आलो तेव्हा घराघरात कण्हणे चालले होते. पुढच्या वैशाखात नदीचे पाणी इतके उतरले की दोन्ही डोहांमधला कातळ उघडा पडला. कातळाच्या वर तो वरचा डोह, खाली तो खालचा. माहेरवाशिणी वरच्या डोहात राहतात आणि कातळ कधी ओलांडत नाहीत, असे गावाचे पक्के म्हणणे होते. माझा बाप तसे म्हणे, त्याचा बाप तसे म्हणे. कुणी कधी पाहायला गेले नव्हते.

रखमाजी पाटील माझ्या दारात आले. तेव्हा ते तरणेबांड होते. ते म्हणाले, "बदू, लेकरं मराया लागली. तुला सुरुंग येतो. खालच्या डोहात लाव एक. वरच्याला हात लावायचा न्हाई, आपल्या पोरी वर हायत."

मी म्हणालो, "पाटील, डोहाचं खाल्लं तर पचंल का?"

"उपाशी पोटाला समदं पचतं," ते म्हणाले.

माझ्याकडे कामावरून आणलेल्या सुरुंगाच्या दोन कांड्या होत्या. चोरूनच आणल्या होत्या, तेही लिहून टाकतो. एक लावली. आवाज झाला आणि पाणी उठून बसले. मग मासे वर येऊ लागले, पांढरे पोट वर करून. गाव पाट्या घेऊन पाण्यात उतरले. पहिली पाटी भरण्याआधीच माझ्या गुडघ्याला एक मासा येऊन लागला. त्याच्या ओठात नथ होती. नथीत लाल खडा होता.

वरच्या डोहात पाणी कमी झाले तेव्हा त्या सगळ्या खाली उतरून आल्या होत्या. जिथे पाणी तिथे मासा जाणार, हे आठ वर्षांच्या पोराला कळते. ते आम्हाला कळले नाही, कारण आम्ही त्यांना मासे समजतच नव्हतो. चौदांपैकी अकरा वर आल्या.

काठावर बाया उभ्या होत्या. ज्यांच्या लेकी होत्या त्या पुढे आल्या. मी एकेका माशाच्या ओठातून नथ काढून पुढे धरली. एकीनेही घेतली नाही. कुणी रडलेही नाही. बयाबाई भोईण, जिची धाकटी मुलगी त्यात होती, ती एवढेच म्हणाली, "आमच्या पोरी दोनदा बुडवल्या तुमी." बाकीचे मासे मात्र त्या दिवशी गावात शिजले. मीही खाल्ले. पोटात ठरले, हेच वाईट.

अकरा मासे आणि अकरा नथी मी पट्टीच्या वरच्या कोपऱ्यात पुरल्या आणि वर दगड ठेवला. चावडीवर चौकशी झाली तेव्हा पाटील म्हणाले, "मुलाण्यानं आपल्या मनानं केलं." तिथून आमचे बोलणे बंद.

त्याचा परिणाम काय झाला तो नीट लिहितो, कारण कचेरीतल्यांना नथीचे खरे वाटणार नाही पण पोटाचे वाटेल. डोहातले खडस पावसाळ्यात अंडी घालतात, पिल्ले पुराबरोबर खाली जातात. इथून इंदुरीपर्यंत भोयांची जी जी घरे आहेत ती त्या पिल्लांवर जगतात. एका कांडीनंतर तीन वर्षे खाली मासा नव्हता. भोयांच्या नावा काठावर उलथ्या पडून वाळल्या. अकरा घरे गाव सोडून गेली. कुणी गिरणीत गेले, कुणी रस्त्याच्या कामावर. बयाबाईचा नवरा खडी फोडताना गेला. अकरा मासे आणि अकरा घरे, हा योग असेल. मी योग म्हणून सोडून देत होतो.

मग सन १९२२ च्या मार्गशीर्षात, पाणी निवळल्यावर, मी पट्टीवर गवत कापत होतो. डोहात सहज पाहिले. एक खडस वर आला. ओठात नथ. जे तीन वाचले होते त्यातला असेल म्हणून मी मोजू लागलो. चौथा आला. पाचवा आला. चौदा आले. शेवटच्या नथीत लाल खडा होता.

मी वरच्या कोपऱ्यात गेलो, दगड सरकवला आणि पहारीने उकरले. काटे होते. डोक्यांची हाडे होती. नथ एकही नव्हती.

दाभण गावात एकच आहे आणि ते माझ्या कमरेला असते. मी टोचले नव्हते. पण माशांच्या ओठांची भोके भरून आलेली होती, जशी वर्षानुवर्षांची असतात.

बयाबाई तेव्हा काठावर जाळे सुकवीत होती. मी तिला दाखवले. ती माझ्याशी बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली. "बदूभाऊ, मोजू नगा," ती म्हणाली. "मोजलं की वाढत्यात."

मी पुष्कळ वर्षे मोजले नाही. सन १९३१ च्या चैत्रात चूक झाली. पाणी काचेसारखे होते, मासे ओळीने कडेला उभे होते आणि माझ्या तोंडून आपोआप आकडे निघाले. पंधरा. पंधराव्याची नथ माझ्या ओळखीची नव्हती. तिचा एक मोती फुटलेला होता आणि त्या जागी लाख भरली होती.

भाद्रपदात रखमाजी पाटलांची सून शालूबाई घाटावरून घसरली आणि वाहून गेली. सापडली नाही. दहाव्या दिवशी तिची सासू रतनबाई नथ घेऊन आली आणि तिने ती माझ्या तळहातावर ठेवली. एक मोती फुटलेला, लाख भरलेली. ती शालूबाईच्या माहेरची जुनी नथ होती आणि आमच्या गावात तिने ती एकदाही घातली नव्हती, हे रतनबाईनेच सांगितले. दाभण पहिल्यांदाच चुकले आणि माझ्याच अंगठ्यात गेले.

पाटील, मी तुमच्या सुनेची नथ पाच महिने आधी पाहिली होती. कुणाची ते मला कळत नव्हते हे खरे. पण नवी नथ आली आहे एवढे तरी मी गावाला सांगायला हवे होते. बायांना सांगायला हवे होते की यंदा घाटावर सांभाळा. तुमच्याशी बोलणे नव्हते म्हणून मी चावडीची पायरी चढलो नाही. तुम्ही एक खोटे बोललात. मी एक खरे गिळले. माझ्या चुकीचे वजन जास्त आहे. पलंग घ्यायचा की नाही ते आता तुम्ही ठरवा.

कलम पाचवे. हे यंदाचे.

या चैत्रात ठेकेदाराची माणसे येऊन कातळावर चुन्याच्या खुणा करून गेली. इकबालने त्यांना वाट दाखवली. मी खुणा पाहायला उतरलो. खुणा करणारा जाणता आहे. जिथे मी भोके पाडली असती तिथेच त्याने खुणा केल्या आहेत. तो कातळ त्या पाच ठिकाणी ठासला तर एकाच दणक्यात जाईल.

पण मी सुरुंगवाला आहे आणि दगडापलीकडचेही पाहतो. आमच्या गावाशी नदी वळते ती त्या कातळामुळे वळते. पुराचे पाणी त्याच्यावर डोके आपटते आणि पलीकडच्या कड्याकडे फिरते. कातळ गेला की पहिल्या मोठ्या पुरात नदी सरळ येईल. सरळ येण्याच्या वाटेवर खालची आळी आहे, भोयांची घरे आहेत, देऊळ आहे, आमचे घर आहे. मी ठेकेदाराला हे सांगितले. तो म्हणाला, "म्हातारबा, पाणी आपली वाट आपण शोधतं." खरेच आहे ते. म्हणूनच तर मी भ्यालो.

खुणा पाहून झाल्यावर भर दुपारी मी काठावर बसलो. ऊन असे होते की दगडावर पाय ठरत नव्हता. मला वाईट वाटत होते, आणि सवयीने मी कमरेच्या पिशवीतल्या लाह्या पाण्यावर टाकल्या. मासे वर आले. लाह्यांना कुणी तोंड लावले नाही. लाह्या तशाच त्यांच्या पाठींवरून वाहत गेल्या. ते सगळे माझ्याकडे तोंड करून उभे राहिले, रांगेमागे रांग. आणि बिननथीचा मासा एकही नव्हता.

मी मोजले नाही. मोजण्याची गरज नव्हती. गावातल्या लग्नांना मी बकरी कापायला पन्नास वर्षे जात आहे, आणि नव्या नवरीच्या नाकात काय होते ते मुलाण्याच्या लक्षात राहते. मी त्या नथी एकेक करून ओळखल्या. ज्यांच्या त्या होत्या त्या बाया जिवंत आहेत. त्यातली एक त्याच वेळी वरच्या बांधावरून शेळीला हाक मारत होती. तिचा आवाज माझ्या उजव्या कानात होता आणि तिची नथ माझ्या पायाशी पाण्यात होती.

कुणाकुणाच्या होत्या ते मी लिहिणार नाही. सांगणारही नाही. ते वाचून कुणाला झोप लागणार नाही, आणि लिहिले की ठरून जाते असेही मला वाटते. आम्हाला सांगून दाखवण्याची त्यांची हीच एक रीत असावी, असे मी मानतो. शालूबाईच्या वेळी मी ऐकले नाही. या वेळी ऐकले.

दाभण कुणालाच नाही ते यासाठी. आता टोचणारा माणूस लागत नाही. दाभण माझ्याबरोबर पुरावे.

कलम सहावे. डोहाची पट्टी, तिच्यावरचे करंज, वरच्या कोपऱ्यातला दगड आणि गाडीवाट यांसह, मी वक्फ करतो. माशांच्या नावे करायचा माझा विचार होता. वकील म्हणाले, मासा कचेरीत हजर राहत नाही, माणसांच्या नावे कर. म्हणून आंबेडोह ते इंदुरी या टप्प्यात इंद्रायणीवर पोट भरणाऱ्या गरिबांच्या नावे, मग ते कुठल्याही जातीधर्माचे असोत. देखरेख माझी मुलगी बिस्मिल्ला आणि बयाबाई भोईण या दोघींनी करावी. बयाबाईने आधी नाही म्हटले. मी तिच्या दाराशी तीन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुमच्यासाटी न्हाई. पोरीसाटी करते."

अटी अशा. पट्टी विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये. तिच्यावरून सुरुंगाची दारू, कांड्या, पहारी, चुना नेऊ नये. गेळाच्या फळांची भुकटी पाण्यात टाकून मासे धुंद करू नयेत. कातळाच्या वर जाळे, गळ, हात काहीही टाकू नये. कातळाच्या खाली भोयांनी पूर्वीप्रमाणे मासे धरावेत, इतरांनी चुलीपुरते धरावेत. उन्हाळ्यात गुरे खालच्या टोकाला पाण्यावर येतात, त्यांना अडवू नये. बायांनी धुणे धुण्यासाठी घाटावर साखळी बसवावी आणि तिचा खर्च माझ्या सामानातून करावा. ही साखळी मी वीस वर्षांपूर्वीच बसवायला हवी होती.

कलम सातवे. आमच्या कायद्याने मला मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शापुरतेच असे देता येते. ठेकेदाराने बोली लावल्यापासून पट्टी घरापेक्षा मोलाची ठरली आहे. म्हणजे दोन्ही वारस राजी असतील तरच कलम सहावे उभे राहील. बिस्मिल्ला राजी आहे. इकबाल राजी नाही. मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "अब्बा, मासा म्हंजी मासा. नथ घातली म्हणून त्यो काय नांदाया जातो का? ठेकेदार मला ट्रकचं काम देतोय. जलमभर गोदामात पोती उचलू का?"

त्याचे चूक आहे असे मी म्हणत नाही. पोती मीही उचलली आहेत. मी त्याच्यावर जबरदस्ती करू शकत नाही आणि करणार नाही. मी त्याच्याकडे एकच मागणे मागितले आहे, की सही करण्याआधी किंवा नाकारण्याआधी त्याने एकदा भर दुपारी माझ्याबरोबर डोहावर यावे. तो उद्या येतो, परवा येतो म्हणतो.

येणेप्रमाणे मृत्युपत्र मी समजून, वाचून, खाडाखोड न करता पुरे केले. यापूर्वी केलेला कुठलाही कागद यापुढे धरू नये.

मुक्काम आंबेडोह, तारीख ९ मे १९४३.
सही: बद्रुद्दीन वल्द इनायत मुलाणी

साक्षीदार पहिला: दत्तोबा गुरव. कागद माझ्यासमोर वाचला व सही माझ्यासमोर झाली. सही.

साक्षीदार दुसरा: रखमाजी पाटील. मला वाचून दाखवला. मी सांगितले तसे गुरवांनी खाली लिहिले: "सुरुंग लाव म्हणून मीच सांगितलं हुतं. चावडीवर खोटं बोललो. पलंग नगं. बदू, तू घरी ये." अंगठा.

पुरवणी. माझ्याच हाताची.

काल भर दुपारी इकबाल डोहावर आला. मी त्याला कुणाचेही नाव सांगितलेले नव्हते, त्याआधी नाही आणि तिथेही नाही. लाह्या त्याच्या हातात दिल्या आणि मी मागे करंजाखाली जाऊन बसलो. त्याने लाह्या टाकल्या. तो खाली वाकला. पुष्कळ वेळ वाकलेला राहिला. मग उठला, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मला कायबी दिसलं न्हाई," आणि पट्टीवरून भराभरा निघून गेला.

मी म्हटले, संपले. आता पट्टी गेली. संध्याकाळी मी जेवलो नाही.

आज सकाळी घाटावर गलका ऐकू आला म्हणून गेलो. आमच्या गावात पाणी बायाच भरतात, पुरुषाने घागर उचलली तर वर्षभर त्याला चिडवतात. इकबाल दोन घागरी घेऊन पायऱ्या चढत होता. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. रखमाजी पाटलांचा नातू ओरडला, "इकबालभाऊ, बांगड्या भरल्या का काय!" इकबालने मान वर केली नाही. घागरी घरी ठेवल्या आणि धुण्याचे गाठोडे उचलून परत निघाला. उम्मेहानी दारात उभी होती, लाजेने लाल झालेली. ती म्हणाली, "अवो, माझं काम हाय ते. लोक काय म्हंतील?"

तो म्हणाला, "म्हनू दे. तू आता नदीवर जायाचं न्हाई. कदीच न्हाई. पानी मी भरीन."

मग मला म्हणाला, "अब्बा, कागद आना."

वकिलांनी मला बजावले होते की आजची संमती मी मेल्यावर त्याला फिरवता येते. फिरवता येते, हे मी इकबालला वाचूनही दाखवले. त्याने दौत जवळ ओढली. सही करून त्याने धुण्याचे गाठोडे खांद्यावर टाकले आणि तो घाटाकडे निघाला.

कलम सहावे मला मान्य आहे.
सही: इकबाल वल्द बद्रुद्दीन मुलाणी
साक्ष: बयाबाई भोईण, अंगठा.
मुक्काम आंबेडोह, तारीख १२ मे १९४३.